अनुस्वाराची कसोटी

भाऊबिजेला धाकट्या भावाने एक जर्मन शाईपेन ओवाळणीत घातले, त्याला आता सतरा वर्षे झाली. पेन सुरेख होते. हातात धरले की त्याचे वजन बरोबर अंगठ्याच्या मुळाशी यायचे. पण शाळेच्या टाचणवहीत पहिली ओळ लिहिली आणि मी हिरमुसले. अक्षरांना चहूबाजूंनी मुळ्या फुटल्या, ‘ध’ आणि ‘ळ’ यांची पोटे भरून गेली आणि पान उलटले तर मागेही तीच अक्षरे उलटी उतरलेली. पेनातच खोट आहे अशी माझी खात्री झाली.

ते घेऊन मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या दुकानात गेले. दुकानदार सत्तरीचे होते. त्यांनी निब डोळ्यांजवळ धरून पाहिली, खणातून जाडसर, किंचित पिवळट असा एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

“बाई, यावर लिहा बघू.”

“काय लिहू?”

“वहीत जे लिहिलं होतंत तेच लिहा.”

दुसऱ्या दिवशी वर्गात लोककलांचा पाठ घ्यायचा होता, त्याचे ते टाचण होते. मी ‘गोंधळ’ लिहिले. शाई जागच्या जागी राहिली. ‘ध’ची गाठ मोकळी, ‘ळ’ची दोन्ही वर्तुळे रिकामी आणि मात्रेशेजारचा अनुस्वार मोहरीसारखा गोल.

“पेनाला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “तुमचा कागद पितोय.”

तेव्हापासून नवा कागद, नवी शाई किंवा नवे पेन हाती आले की मी पहिला शब्द तोच लिहिते. देवनागरीतली अवघड वळणे त्यात एकत्र आली आहेत आणि त्यांतला अनुस्वार सर्वांत बोलका आहे. रेघ ओढताना निब पुढे सरकत असते, शाईला एका जागी साचायला वेळ मिळत नाही. टिंब देताना मात्र निब क्षणभर थांबते. तेवढ्या क्षणात पेन किती शाई सोडते, शाई किती पसरते आणि कागद किती ओढतो, हे सगळे त्या एका ठिपक्यात उमटते.

यातला ‘ओढतो’ हा शब्द महत्त्वाचा. समईत तेल खाली असते आणि ज्योत वर जळते. वातीच्या धाग्यांमधल्या अरुंद फटींतून तेल आपोआप वर चढते. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. शाईपेनाचा सारा कारभार याच नियमावर चालतो. पेनाच्या नळीत शाई भरलेली असते. तिथून ती निबेखालच्या जिभेतल्या बारीक खाचेत येते, खाचेतून निबेच्या चिरेत आणि चिरेतून टोकाशी. प्रत्येक टप्प्यावर वाट आधीपेक्षा अरुंद होत जाते. टोकाशी येऊन शाई थांबते, कारण पुढे हवा आहे. निब कागदाला टेकली की पुढची वाट उघडते: कागदाच्या तंतूंमधल्या फटी, ज्या निबेच्या चिरेहूनही अरुंद आहेत. म्हणून शाई कागदाकडे जाते. बॉलपेनासारखा जोर शाईपेनाला लागत नाही, तो यासाठीच. जितकी शाई बाहेर गेली तितकी हवा आत यावी लागते, नाहीतर प्रवाह अडतो आणि मग एकदम सुटतो. शाई बाहेर आणि हवा आत ही देवाणघेवाण जिभेतल्या खाचांनी नीट सांभाळावी अशी रचना न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी केली आणि १८८४ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिथून शाईपेन रोजच्या वापराचे झाले.

या साखळीतली शेवटची आणि सर्वांत जोरकस कडी कागदाची आहे. म्हणून माझे मत असे की जोडी जमवताना सुरुवात कागदापासून करावी. बहुतेकजण आधी पेन घेतात, मग आवडत्या रंगाची शाई आणि कागद मिळेल तो. पण लिहिणाऱ्याच्या हातात सर्वांत कमी असतो तो कागदच. कचेरीतला अर्ज, परीक्षेची उत्तरपत्रिका, बँकेची स्लिप यांचा कागद आपण निवडत नाही. तो जसा असेल तसा मान्य करून निब आणि शाई त्याच्या बेताने घ्यावी लागते.

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा पसरून दाबलेला, वाळवलेला थर. नुसता तसाच ठेवला तर तो पाणी दिसताच पितो. टीपकागद असाच असतो. लिहायच्या कागदाला या पिण्यापासून आवरावे लागते आणि त्यासाठी त्याला खळ देतात. आपल्याकडचे कागदी कारागीर पिठाची पातळ खळ कागदाला लावत, ती वाळली की गुळगुळीत दगडाने कागद घोटत. खळीने तंतूंमधल्या फटी बुजत आणि घोटल्याने पृष्ठभाग सपाट, चकचकीत होई. जुन्नरचा कागद एकेकाळी नावाजलेला होता. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्याचे तर नावच त्या धंद्यावरून पडले. पेशवे दफ्तरातली कागदपत्रे हाताळणाऱ्यांना हा घोटीव कागद बोटांनी ओळखू येतो. त्यावर बोरूने मोडी लिहिताना काजळीची शाई वरच्या वर बसायची आणि तंतूंत शिरायची नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि शेवटपर्यंत एकसारखे असावे हे त्यात आहेच. पण बोरू निरनिराळ्या प्रांतांतले आणून पारखावेत, शाईचा संग्रह करावा आणि पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असा अगदी व्यवहारी सल्लाही आहे. लेखणी, शाई आणि कागद यांचा एकत्र विचार करणारे इतके जुने मराठी लेखन हाताशी आहे याचा मला फार आनंद वाटतो.

युरोपात खळीचे काम जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनने व्हायचे. १८०७ मध्ये जर्मनीतल्या मोरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी वापरून कागदाच्या लगद्यालाच आवर घालायची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे यंत्रावरच्या कागदाला ती सोयीची ठरली. तिच्यात एक दोष होता. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी व्हायचा. जुन्या ग्रंथालयांतली पुस्तके तपकिरी पडतात, पानाचा कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो, त्यामागे मोठ्या प्रमाणावर हे आम्लच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लाशिवाय चालणारी नवी रसायने आली आणि कागदात भरण म्हणून खडूची भुकटी घालता येऊ लागली. आजचा पांढराशुभ्र छपाईचा कागद बहुधा या जातीचा असतो.

मग माझ्या टाचणवहीचा कागद इतका तहानलेला का होता? कारण तो बॉलपेनाच्या जमान्यातला होता. बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असते. ती तंतूंमधून धावत नाही, त्यामुळे कागदाला खळ कमी पडली तरी लिहिणाऱ्याला कळत नाही. खळ महाग, ग्राहकाची तक्रार नाही, मग ती कमी होत जाणे ओघानेच आले. कागद किती पितो हे कारखाने कॉब चाचणीने मोजतात: एक चौरस मीटर कागद ठरावीक वेळात, बहुधा ६० सेकंदांत, किती ग्रॅम पाणी शोषतो ते पाहायचे. दुकानात ही चाचणी होत नाही. वहीवर तर फक्त जीएसएम छापलेला असतो आणि लोक तो आकडा गुणवत्तेचा मानतात.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन, बाकी काही नाही. ते घरीही काढता येते. ए-फोर आकाराची १६ पाने मिळून बरोबर एक चौरस मीटर होतो. तेव्हा १६ पाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ७५ ग्रॅम भरली तर कागद ७५ जीएसएमचा. पण जाड कागदही पिणारा असू शकतो आणि पातळ कागदही शाई आवरू शकतो. याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे जपानचा तोमोए रिव्हर. त्याचा प्रसिद्ध प्रकार अवघा ५२ जीएसएमचा, कांद्याच्या सालीसारखा. त्यावर कितीही ओल्या निबेने लिहिले तरी अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी राहते आणि शाई मागे उतरत नाही. मागून अक्षर दिसते, ते मात्र कागद पातळ असल्यामुळे. हे दिसणे आणि ते उतरणे वेगळे. दिसणाऱ्या कागदावर पाठपोट लिहिता येते. उतरणाऱ्या कागदाची एक बाजू वाया जाते.

न पिणाऱ्या कागदाचीही एक किंमत असते. शाई वर राहते म्हणजे ती हवेत वाळेपर्यंत थांबावे लागते. पावसाळ्यात हा वेळ आणखी वाढतो. कोकणातल्या माझ्या मावशीकडे श्रावणात पत्र लिहायला बसले तर पान संपल्यावर पंख्याखाली ठेवायचे आणि मगच उलटायचे. दमट हवेत कागद स्वतःही ओलावा घेऊन सैल पडतो. पुण्यात फेब्रुवारीत उत्तम वाटलेली वही तिथे जुलैत थोडी फुटते, तेव्हा शाई बदलल्याचा संशय घेऊ नये. पानाच्या खालच्या भागात अचानक अक्षर तुटक उमटू लागले तर तो दोषही बहुधा शाईचा किंवा पेनाचा नसतो. लिहिताना तळव्याचे तेल कागदाला लागलेले असते आणि त्या जागी पाण्याची शाई धरत नाही. हाताखाली टीपकागद ठेवायची जुन्या लोकांची सवय दोन्ही कामे करायची: ओली शाई टिपायची आणि तळव्याचे तेल अडवायची.

आता शाई. बाटलीत बहुतांश पाणीच असते. त्यात विरघळलेला रंग, पाणी चटकन उडून जाऊ नये म्हणून थोडे ग्लिसरीनसारखे द्रव्य, बुरशी धरू नये म्हणून औषध आणि पृष्ठताण सांभाळणारा थोडा घटक. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोळा होतो, कारण पान त्याला धरत नाही आणि पृष्ठताण त्याला सावरून ठेवतो. तेच पाणी साबणाचे असेल तर पसरते. शाईच्या बाबतीतही असेच. पृष्ठताण कमी असलेली शाई पेनातून मोकळी वाहते, कागदावर चटकन पसरते. शाईपेनवाले तिला ‘ओली’ म्हणतात. जास्त ताण असलेली शाई हात राखून येते, ती ‘कोरडी’. जर्मनीच्या पेलिकन कंपनीची ४००१ मालिका कोरडी म्हणून ओळखली जाते. पायलट कंपनीच्या इरोशिझुकू शाया ओल्या. यात चांगले-वाईट काही नाही. पिणाऱ्या कागदावर कोरडी शाई अक्षर वाचवते. आखडून लिहिणाऱ्या पेनाला ओली शाई मोकळे करते.

रंगाची जात मात्र याहून खोलवर परिणाम करते. साध्या रॉयल ब्लू शाईतला रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि वाळल्यावरही तो पाण्यात पुन्हा विरघळतो. कपड्यावर सांडली तर धुतली जाते, म्हणून ती शाळेला सोयीची. काजळीची शाई याच्या उलट. तिच्यातले कार्बनचे कण विरघळलेले नसतात, तरंगत असतात. कागदावर बसले की शतकानुशतके टिकतात. पण पेनाच्या जिभेत वाळले तर तिथेही टिकतात. पारंपरिक काजळीची, डिंक घातलेली शाई किंवा चित्रकारांची लाखयुक्त वॉटरप्रूफ शाई शाईपेनात कधीही भरू नये. जपानी कंपन्यांनी अतिसूक्ष्म कणांच्या कार्बन शाया खास शाईपेनासाठी काढल्या आहेत, पण त्याही पेनात सुकू द्यायच्या नसतात.

या दोहोंच्या मधली, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर शाई म्हणजे लोहयुक्त निळी-काळी. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो हे प्रत्येक घरात माहीत आहे. आवळ्यातले टॅनिन आणि कढईतले लोह मिळून तो काळा पदार्थ होतो. युरोपात हजारभर वर्षे लोक याच रसायनाने लिहीत होते. टॅनिनसाठी मायफळ आणि लोहासाठी हिराकस. बाळगुटीत उगाळतात तेच हे मायफळ. ते खरे फळ नाही. ओकच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडे घालते, तिथे झाड गाठ धरते, ती गाठ म्हणजे मायफळ. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यातही टॅनिन भरपूर असते आणि हिराकशीबरोबर तोही असाच काळा होतो.

या शाईची खुबी अशी की बाटलीत ती फिकट असते. त्या अवस्थेत लोहाचे संयुग पाण्यात विरघळलेले असते, म्हणून तंतूंच्या आत शिरते. आत गेल्यावर हवेतला ऑक्सिजन लागतो, संयुग बदलते, काळे होते आणि पाण्यात न विरघळणारे बनते. म्हणजे अक्षर कागदाच्या पोटात तयार होते. पण लिहिताना फिकट रेघ दिसणार कशी? म्हणून तिच्यात निळा रंग मिसळू लागले: आज निळे दिसायचे, उद्या काळे. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव तिथून आले. बाटलीतच काळा साका बसू नये यासाठी तिला आम्लधर्मी ठेवावे लागते आणि ते आम्ल पोलादी निबेला खाते. चांगल्या पेनाची निब १४ कॅरट सोन्याची करण्यामागे थाटमाटाइतकेच हेही कारण होते, सोन्याला ते आम्ल काही करू शकत नाही. झिजू नये म्हणून सोन्याच्या टोकाला इरिडियमच्या कुळातल्या कठीण धातूचा कण जोडत.

आमच्या घरी निळी-काळी आणि साधी निळी या दोन शायांची परीक्षा फार क्रूरपणे झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आजोबांचे बिऱ्हाड नारायण पेठेत होते. पाणी ओसरल्यावर ट्रंकेतून दोन गठ्ठे निघाले. एक हिशेबाच्या वह्यांचा, दुसरा आजीने माहेरून लिहिलेल्या पत्रांचा. आजोबा कचेरीतल्या सवयीने निळी-काळी वापरत. त्या वह्या चिखलाने तांबूस झाल्या होत्या, पण दूधवाल्याचे आणे-पै आजही वाचता येतात. आजी साधी निळी शाई वापरायची. तिच्या पत्रांवर आता फक्त आभाळासारखे निळे डाग आहेत. ती पत्रे आईने टाकली नाहीत, मीही टाकलेली नाहीत.

आज ‘ब्लू-ब्लॅक’ असे लिहिलेल्या कितीतरी बाटल्यांत लोह नसते; फक्त त्या छटेचा रंग असतो. ओळखायची रीत सोपी. एक ओळ लिहून रात्रभर ठेवा. सकाळी ती काळवंडली असेल आणि नळाखाली धरल्यावर निळसर रंग वाहून जाऊन राखाडी-काळी रेघ मागे उरली, तर लोह आहे. पेलिकनच्या ४००१ मालिकेतली ब्लू-ब्लॅक, इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूच्या नोंदवहीसाठी बनणारी रजिस्ट्रार्स शाई, जर्मनीच्या रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स या आजही लोहाच्या आहेत. पिणाऱ्या कागदावर ही जात सहसा फार कमी फुटते, म्हणून वाईट वहीसाठी माझी पहिली पसंती तीच. अट एवढीच की पेन पडून राहू द्यायचे नाही आणि पंधरा-वीस दिवसांनी पाण्याने धुवायचे.

आपल्याकडे शाईचा धंदा स्वदेशीच्या वाऱ्यावर वाढला. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी हॉर्स ब्रँडच्या शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या. त्याच घरातून पुढे कॅमल शाई आणि कॅम्लिन आले. बंगालमध्ये १९३४ मध्ये मैत्र बंधूंनी सुलेखा सुरू केली. वडी पाण्यात विरघळवून दौत भरायची, म्हणजे शाई किती दाट ठेवायची ते लिहिणाऱ्याच्या हातात. कागद पिणारा निघाला तर पाणी बेताने घालणारे मास्तर वडिलांनी पाहिले होते.

शाई, पेन आणि कागद यांची जोडी जमवण्याऐवजी एका कंपनीने एकदा शाई आधी ठरवली आणि पेन तिच्याभोवती बांधले. अमेरिकेच्या पार्करला लिहिता लिहिता वाळणारी शाई हवी होती. त्यांनी ती तीव्र अल्कधर्मी केली. अल्क कागदाच्या खळीला भेदून शाई झटकन आत नेते, त्यामुळे वर ओल राहतच नाही. पण हीच शाई तेव्हाच्या पेनांचे सेल्युलॉइड आणि रबर खराब करू लागली. मग नवे पेन घडवले गेले: अंग अ‍ॅक्रिलिकचे, जे या शाईला दाद देत नाही, आणि निब नळकांड्यात झाकलेली, फक्त टोक बाहेर, म्हणजे झटकन वाळणारी शाई निबेवरच वाळून बसणार नाही. कंपनीचे एक्कावन्नावे वर्ष म्हणून त्याचे नाव ‘पार्कर ५१’. १९४१ मध्ये ते बाजारात आले. शाईच्या बाटलीवर ती फक्त याच पेनात भरावी अशी सूचना असायची. पुढे त्याच वळणाची सुपरक्रोम शाई आली आणि तिने याही पेनांच्या आतल्या भागांना त्रास दिला. १९५० च्या दशकात ती बंद झाली. शाई गेली, तिच्यासाठी घडलेले पेन मात्र राहिले. आपल्या वडिलांच्या पिढीच्या खिशाला असणारे चिनी हिरो पेन आठवा: झाकलेली निब, निमुळते अंग, धातूचे टोपण. त्या घडणीचे मूळ पार्कर ५१ मध्ये आहे. ती निब टोपण काढून ठेवली तरी उशिरा सुकते, म्हणून वर्गात फळ्याकडे वळत वळत लिहिणाऱ्याला अजूनही उपयोगी पडते.

निबेच्या रुंदीबद्दल थोडेच सांगते. पाश्चात्य बनावटीची ‘फाइन’ निब साधारण अर्धा मिलिमीटर किंवा किंचित जास्त रेघ देते. जपानी ‘फाइन’ त्याहून स्पष्टपणे बारीक, कारण तिथल्या लिपीत छोट्या चौकटीत पुष्कळ रेघा बसवायच्या असतात. देवनागरी याबाबतीत जपानीच्या जवळ आहे. रोमन लिपीतले ‘एल’ किंवा ‘आय’ जाड निबेने लिहिले तरी बिघडत नाही, पण ‘ख’, ‘भ’, ‘ध’, ‘क्ष’ यांतल्या गाठी बुजल्या तर अक्षर ओळखणेच कठीण होते. शिवाय आपण शब्द लिहून झाल्यावर मागे येऊन शिरोरेषा देतो. म्हणजे निब पुन्हा ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून जाते. शाई ओली, निब रुंद आणि कागद गुळगुळीत असेल तर ही रेघ प्रत्येक काना ओढत पुढे नेते. अशा कागदावर मी शिरोरेषा ओळ संपल्यावरच देते.

आणखी एक जोडी राहिली: पेन आणि हात. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची देशी पेने खूप शाई सांभाळतात, पण शाई अर्ध्याखाली गेली की अधूनमधून थेंब टाकतात. याचा हिशेब मी एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडला होता. नळीत दोन मिलिलिटर हवा आहे आणि खोलीचे तापमान २५ अंश आहे. हाताच्या उबेने ती हवा ८ अंशांनी तापली तर तिचे आकारमान पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर. पाण्याच्या एका थेंबाचे आकारमानही साधारण तेवढेच. हवा फुगते आणि बरोबर एक थेंब बाहेर ढकलते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलात तर उंची साडेपाचशे-सहाशे मीटरनी वाढते, हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो आणि टोपणात दोन-तीन थेंब साचलेले सापडतात. म्हणून ड्रॉपरचे पेन काठोकाठ भरावे, अर्धे झाले की पुन्हा भरावे आणि प्रवासात उभे ठेवावे. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, धातूपेक्षा उष्णता खूपच कमी वाहते. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखी जुनी देशी पेने त्याचीच घडवलेली असतात. एबोनाइटची जीभ प्लॅस्टिकपेक्षा शाईला चांगली धरते, हा त्याचा दुसरा गुण.

माझ्या टेबलावर सध्या तीन जोड्या आहेत. शाळेच्या वह्यांसाठी जपानी बारीक निब आणि लोहाची निळी-काळी. पत्रांसाठी घोटल्यासारखा गुळगुळीत कागद, भावाने दिलेले जर्मन पेन आणि ओली निळी शाई. अशा कागदावर शाई वरच वाळते, त्यामुळे रेघ जिथे संपते तिथे रंग गडद होतो आणि काही निळ्यांवर तिरप्या उजेडात तांबूस झाक चमकते. पिणाऱ्या कागदावर हे दोन्ही कधीच दिसत नाही, कारण रंग खोल गेलेला असतो. तिसरे ड्रॉपरचे एबोनाइट पेन, मध्यम निबेचे, लेजर कागदाच्या जुन्या चोपडीसाठी. एका पेनात दुसऱ्या जातीची शाई भरायची वेळ आली तर आधी ते धुते, निबेतून पाणी स्वच्छ येईपर्यंत. आम्लधर्मी आणि अल्कधर्मी शाया जिभेतच भेटल्या तर साका धरू शकतो आणि तो काढायला फार कष्ट पडतात.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत मी ‘चिता’ या शब्दाला लाल खूण केली. वाक्यात ‘चिंता’ हवे होते. मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन आला. “बाई, टिंब दिलंय.” मी भिंग घेऊन पाहिले. दिलेले होते. उत्तरपत्रिकेचा कागद माझ्या जुन्या टाचणवहीसारखाच पिणारा, त्याच्या शाईपेनाची निब जाड आणि शाई ओली. टिंब पसरून वेलांटीत मिसळून गेले होते. मी गुण दिला आणि घरून एक बारीक निबेचे साधे पेन आणि कोरड्या निळ्या शाईची अर्धी बाटली आणून त्याला दिली. रफ वहीच्या शेवटच्या पानावर त्याला ‘गोंधळ’ दहा वेळा लिहायला सांगितले. जुन्या पेनाने पाच, नव्याने पाच. त्याने वीस वेळा लिहिला आणि न सांगता शेजारी ‘चिंता’ही.

सहामाहीचा पेपर त्याच कागदावर झाला. त्याच्या पानांवर वेलांटी आणि टिंब यांच्यामध्ये केसभर पांढरी जागा होती.